घोड्यासोबत जमिनीवरचं काम: मोरखी, बारा फुटी दोर आणि सोडायचं टायमिंग

सारंगखेड्याच्या बाजारातून नाहीतर माळेगावच्या यात्रेतून घोडा घरी आला की बहुतेक जण पहिल्या दोनचार दिवसांतच खोगीर टाकून वर बसून बघतात. नवीन जागा, नवीन माणसं, नवीन वास, त्यात पाठीवर ओझं, मग घोडा थयथयाट करतो, नाहीतर सरळ गावाबाहेर सुटतो, आणि मग कोणीतरी हमखास सांगतं की लगाम कडक घाला, काटेरी घाला, डोकं आवळून बांधा. घोडा थांबतो, पण तोंड जखमी होतं आणि माणसाची जी धास्ती बसते ती पुढे वर्षानुवर्षं जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वर बसायच्या आधी काही आठवडे त्याच्या शेजारी जमिनीवर उभं राहून काम करा, फक्त मोरखी (तोंडात काही न घालता डोक्यावर चढवायची दोराची किंवा पट्ट्याची) आणि दोर घेऊन. मागे सरकणं, बाजूला होणं, थांबणं, डोकं खाली घेणं, घाबरल्यावर पळायच्या आधी तुमच्याकडे बघणं, हे सगळं घोडा इथं शिकतो आणि वर बसल्यावर तेच सगळं कामाला येतं.

ही पद्धत आली अमेरिकेच्या पश्चिम भागातून, तिकडच्या गुरं राखणाऱ्या घोडेस्वारांकडून. टॉम डॉरन्स, त्यांचे भाऊ बिल डॉरन्स आणि टॉमकडून शिकलेले रे हंट ही त्यातली मोठी नावं, नंतर पॅट परेली यांनी त्याचे सात खेळ बसवले आणि हे सगळं जगभर पोचलं. पण घोड्याला दुखवून शिकवू नका हे ग्रीक सेनानी झेनोफननं इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय, म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. मी इथं जे सांगतेय ते आपल्याकडच्या मारवाडी, काठेवाडी आणि गावठी तट्टांच्या हिशोबानं सांगतेय, कारण आपल्याकडे घोडे असतात तसे, तबेले असतात तसे आणि मोतद्दार (घोडा सांभाळणारी माणसं) असतात तसे धरूनच शिकावं लागतं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. घोडा शिकतो ते प्रेशर, म्हणजे हाताचा किंवा दोराचा दाब, सुटतो त्या क्षणाला. तुम्ही छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकलायला गेलात की तो आधी उलटा तुमच्या अंगावर रेलतो, हा त्याचा स्वभावच आहे, दाबलं की दाबाच्या दिशेनं जायचं. तिथं माणूस काय करतो, जोर वाढवतो किंवा कंटाळून हात काढतो. जोर वाढवला तर कुस्ती सुरू होते आणि साधारण चारशे किलोच्या जनावराशी कुस्ती कोण जिंकणार, आणि हात काढला तर त्याला कळतं की रेललं की माणूस जातो, म्हणजे तुम्ही रेलायलाच शिकवलंत. करायचं असं की हात आहे तसाच ठेवायचा, न वाढवता न सोडता, आणि त्यानं नुसतं वजन मागच्या पायांवर घेतलं, अजून पाय उचललाही नाही, तरी लगेच सोडायचं, एका सेकंदाच्या आत. पूर्ण पाऊल टाकायची वाट बघू नका. दुसऱ्या वेळेला तो थोडा लवकर सरकेल, पाचव्या वेळेला बोट लावलं की सरकेल. सोडायला उशीर झाला तर तेवढ्यात त्यानं मान झटकलेली असते किंवा कान पाडलेले असतात आणि त्याच्या डोक्यात ते बसतं की मान झटकली की सुटका होते. दोर पतंगाच्या मांज्यासारखा हातात ठेवायचा, ढील कधी द्यायची हे कळलं की अर्धं काम झालं.

प्रेशर वाढवायचं असेल तरी पायरीपायरीनं. परेलींच्या शिकवणीत चार पायऱ्या सांगतात, आधी फक्त केसावर, मग कातडीवर, मग स्नायूवर, मग हाडावर. दर वेळेला पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करायची, काल चौथीपर्यंत जावं लागलं म्हणून आज थेट चौथी नाही. माशी बसली तरी घोडा कातडी थरथरवतो, म्हणजे त्याला केसावरचं कळत नाही असं कधीच नसतं, फक्त त्याकडे लक्ष द्यायचं कारण त्याला अजून मिळालेलं नसतं.

आता सामान. रुंद नायलॉन पट्ट्याची मोरखी बाजारात मिळते ती ठाणावर बांधायला ठीक आहे, पण कामाला बारीक दोराची, गाठींची मोरखी घ्या, ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या दोराची, कारण पट्ट्यावर घोडा आरामात रेलतो आणि बारीक दोरावर रेलत नाही. नाकावरचा दोर हाडावर बसला पाहिजे, खाली मऊ भागावर उतरला तर श्वासाला त्रास होतो. दोराची मोरखी घालून घोडा खुंट्याला पक्का बांधून ठेवायचा नाही, ती तुटत नाही, घोडा बिथरून मागे ओढायला लागला तर मानेला इजा होते. लीड रोप (मोरखीला लावून घोडा चालवायचा दोर) १२ फुटांचा, १२ ते १४ मिलिमीटर जाड, थोडा वजनदार विणलेला, गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्यांकडे चांगला मिळतो. काथ्याचा दोर नको, हात सोलून निघतात आणि हलका असल्यामुळे हलवलेलं घोड्यापर्यंत पोचतच नाही. चार फुटांची काठी लागते, वेताची किंवा बांबूची चालेल, टोकाला सहा फूट दोरी बांधा. ही काठी म्हणजे तुमचा लांब केलेला हात आहे, मारायला नाही.

हातमोजे घाला, बूट घाला (चपलेवर काम करू नका, मोतद्दार करतात म्हणून तुम्ही करू नका आणि त्यांनाही बूट घेऊन द्या), हेल्मेट जमिनीवर काम करतानाही घाला. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही, घडी करून तळहातात धरायचा, घोडा सुटला तर दोर सुटला पाहिजे, बोटं जाता कामा नयेत. आणि धनुर्वाताची लस, घोड्याची आणि तुमची दोघांची, घोड्यांना धनुर्वात फार पटकन होतो आणि तबेल्यात गंजलेला खिळा कुठेतरी असतोच.

जागा म्हणाल तर ५० ते ६० फूट व्यासाचं राउंड पेन (गोल कुंपण) असेल तर उत्तम, नसेल तर काही अडत नाही, कुंपण असलेला खळ्याएवढा सपाट तुकडा पुरतो. मुरूम किंवा वाळू बरी, पावसाळ्यात काळ्या मातीत काम करू नका, घोडा घसरला की महिनाभर लंगडतो. काटेरी तार असेल तर आधी ती काढा. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी, चंदी (दाण्याचा खुराक) खाल्ल्यावर निदान तासभर तरी जाऊ द्या. एका वेळेला पंधरावीस मिनिटं खूप झाली, कमी वयाच्या घोड्याला दहाच. लांबलचक एका दिवसापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त काम करतात, हे अगदी खात्रीनं सांगते.

वयाचं एक बघून घ्या कारण बाजारात दोन वर्षांचं शिंगरू सर्रास तीन-चारचं म्हणून विकलं जातं. पुढचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांला पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. तोंड उघडून बघा. तीन वर्षांच्या आत वर बसूच नका, मणक्यातली वाढ तर पाच वर्षांच्या पुढेपर्यंत चालू असते, पण जमिनीवरचं हळू काम, चालणं, मागे सरकणं, पाय उचलू देणं, हे शिंगराला सुद्धा शिकवता येतं, फक्त त्याला गोल गोल पळवायचं नाही, कोवळ्या सांध्यांना ते झेपत नाही.

पहिले एकदोन दिवस नुसतं बघा. घोड्याला जवळपास ३५० अंश दिसतं पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या अगदी मागे दिसत नाही, म्हणून जाताना खांद्याच्या दिशेनं, तिरकं, बोलत जायचं. मारवाडी-काठेवाडी घोड्याचे आत वळलेले कान वाचायला सगळ्यात सोपे, जिकडे कान तिकडे लक्ष. दोन्ही कान मागे चिकटवले, शेपूट फटकारली, डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं, हनुवटी आवळली, तर थांबा, तुम्ही पुढे गेलायत. पापण्या मिटतोय, मान खाली आलीय, मागचा एक पाय सैल टाकलाय, मोठा श्वास सोडला, म्हणजे जमतंय. तोंड चघळणं, ओठ चाटणं याला लोक फार महत्त्व देतात, शिकला शिकला म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की ताण होता तो आता उतरतोय. पुन्हा पुन्हा चघळत असेल तर पुन्हा पुन्हा ताण येतोय हेही खरं. शांत उभा असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो, जबड्याखाली बोटं लावून नाडी बघायची सवय करा, डोळ्याला न दिसणारी भीती तिथं कळते.

आणि एक, शांत दिसतो म्हणजे निवांत असतो असं नाही. पर्यटनाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलेले काही घोडे काहीही केलं तरी हलत नाहीत, डोळे थिजलेले, कान हलत नाहीत, ते शिकलेले नसतात, त्यांनी सांगणं सोडून दिलेलं असतं. असा घोडा तुमच्याकडे आला तर तो पहिल्यांदा कान पाडेल, मान फिरवेल, तेव्हा आनंद माना, तो परत बोलायला लागलाय.

पहिलं काम, हाताची आणि दोराची ओळख. खांद्यापासून सुरू करा, तिथं चोळा, थोपटू नका, थोपटलेलं बऱ्याच घोड्यांना आवडत नाही, मानेच्या मुळाशी जिथं आयाळ संपते तिथं खाजवा, घोडे एकमेकांना तिथंच दातानं खाजवतात. मग हात पाठीवरून, पोटाखालून, पायावरून, कानाजवळ. जिथं अंग चोरलं तिथं हात तसाच राहू द्या, तो स्थिर झाला की काढा. मग तेच दोरानं, दोराचं टोक पाठीवरून अलगद टाकायचं आणि ओढून घ्यायचं, एका ठेक्यात, घोडा हलला तरी ठेका तोच, थांबला की तुम्हीही थांबायचं. चोरपावलांनी करू नका, शिकारी जनावर चोरपावलांनी येतं, तुम्ही ठेक्यात या. डाव्या बाजूला जमलं म्हणजे उजवीकडे जमलं असं धरू नका, आपल्याकडे सगळं काम डावीकडूनच करतात म्हणून घोड्याची उजवी बाजू कोरी असते, तिकडे पहिल्यापासून शिकवावं लागतं.

नाचकाम शिकवलेला घोडा असेल तर इथं जास्त वेळ द्या. त्याला काठी वर दिसली किंवा पायाला काही लागलं की तो पाय आपटायला लागतो, मागच्या दोन पायांवर उभा राहायला बघतो, कारण त्याला तेच शिकवलेलं असतं आणि बऱ्याचदा ते मारून शिकवलेलं असतं. त्याला रागवू नका, तो सांगितलेलं करतोय. काठी जमिनीला टेकवून त्याच्या शेजारून चाला, मग काठीनं त्याचा खांदा चोळा, काठी बघून त्यानं श्वास सोडला की काठी दूर न्या, काठीचा अर्थ बदलायला वेळ लागतो पण तो बदलतो. नाचाच्या वेळी जे डोकं आवळून, मान वाकवून बांधतात त्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, त्या स्थितीत घोड्याला समोरचं नीट दिसत नाही आणि श्वासही मोकळा घेता येत नाही.

मग डोकं खाली. कानांच्या मागे, मोरखीच्या दोरावर हलका हात किंवा खालून लीड रोपवर थोडंसं वजन, अर्धा इंच जरी डोकं खाली आलं तरी सोडा. डोकं वर म्हणजे पळायची तयारी, डोकं खाली म्हणजे चरायची तयारी, म्हणून हे आधी शिकवायचं, पुढे कुठेही बिथरला तरी इथं परत येता येतं. डॉक्टरला तोंड दाखवायला, लगाम घालायला सगळीकडे उपयोग.

मागे सरकणं वर सांगितलंच, छातीवर हात ठेवून, मग नाकावरच्या दोराला धरून, मग चारपाच फूट समोर, थोडं बाजूला उभं राहून नुसता दोर हलवून. दोर आधी बोटानं हलवा, मग मनगटानं, मग कोपरानं. बरोबर मागे सरकणारा घोडा तिरकस जोडीनं पाय टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. डोकं आभाळात आणि पाठ खोल गेली तर तुम्ही फार जोरात मागताय. दोन पावलं सरळ, पुरे. अंगावर येणारा, खिसे हुंगणारा, चंदीच्या वेळी ढकलणारा घोडा असेल तर हे रोज करा, बादली हातात असताना पण करा, मागे सरकल्यावरच बादली खाली.

आता मागचा भाग बाजूला सारणं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. घोड्याचं सगळं इंजिन मागे असतं, उधळायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं, लाथ झाडायची सगळी ताकद तिथून येते, आणि मागचे पाय एकमेकांना ओलांडायला लागले की ती ताकद सरळ पुढे जाऊच शकत नाही. खांद्याशेजारी उभे राहा, त्याच्या मागे जायचं नाही. जवळच्या हातात दोर, आखूड धरून नाक किंचित तुमच्याकडे, ओढायचं नाही, फक्त वळलेलं. आता त्याच्या कमरेकडे बघा, खरंच रोखून बघा, थोडे वाका आणि त्या दिशेनं एक पाऊल टाका. बरेच घोडे एवढ्यावरच हलतात. नाही हलला तर दोराचं टोक कमरेच्या दिशेनं फिरवा, हवेत, नाही तर हलकं लावा, आणि हलला की सगळं बंद, नजर खाली, सरळ उभे राहा, खांदा चोळा.

काय बघायचं, तर तुमच्या बाजूचा मागचा पाय दुसऱ्या मागच्या पायाच्या पुढून ओलांडून गेला पाहिजे. मागून गेला किंवा नुसता बाजूला आपटला तर तो पुढे न येता अंग चोरतोय, थोडं पुढे चालत चालत मागा. सुरुवातीला एक पाऊल, आठवड्यानं दोन-तीन, अर्धं वर्तुळ झालं की तो तुमच्याकडे तोंड करून थांबतो आणि हेच पाहिजे असतं. पुढे वर बसल्यावर एका लगामीनं नाक गुडघ्याकडे आणून थांबवायचं ते हेच काम आहे, घोडा सुटला तर तेवढंच कामाला येतं, दोन्ही हातांनी लगाम ओढून सुटलेला घोडा थांबत नाही. शेपटीच्या मागे दोन हातांवरून लाथ बरोबर पोचते, अगदी अंगाला चिकटून असलात तर नुसता धक्का बसतो, म्हणून एकतर चिकटून राहा नाहीतर दहा फूट लांब, मधल्या अंतरात रेंगाळू नका.

पुढचा भाग बाजूला सारणं अवघड जातं कारण उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. आधी दोन पावलं मागे घ्या, वजन मागे गेलं की एक हात गालाजवळ, एक खांद्याजवळ धरून त्याच्या दिशेनं चालत जा. गालाला हात न लावता सरकला तर फारच छान. पूर्णपणे आडवं चालवणं हे दोन्हींचं मिश्रण आहे, तोंड भिंतीकडे करून उभा करा म्हणजे पुढे जाता येत नाही, मग एकदा पुढचा भाग, एकदा मागचा, आपोआप जुळतं.

चालवणं हे लोकांना शिकवायचं काम वाटतच नाही. बघा, बहुतेक घोडे मोतद्दाराला ओढत नेतात किंवा मोतद्दार त्यांना ओढत नेतो. तुम्ही त्याच्या मान आणि खांद्याच्या मध्ये, दोरात झोळ असलेला, तुम्ही चाललात की तो चालला, थांबलात की थांबला. पुढे गेला तर थांबून दोन पावलं मागे घ्या आणि परत चाला, न ओरडता. मागे राहत असेल तर पुढून ओढू नका, काठीचं टोक तुमच्या पाठीमागून त्याच्या कमरेकडे हलवा. तबेल्यातल्या सगळ्यांनी एकसारखं केलं पाहिजे, हे फार महत्त्वाचं, तुम्ही सकाळी पंधरा मिनिटं झोळातल्या दोरावर चालवलंत आणि दिवसभर मोतद्दारानं नाकाशी गच्च धरून ओढलं तर घोडा दिवसभराचं शिकतो. म्हणून मोतद्दार मामांना सोबत घेऊन शिका, त्यांना बाजूला ठेवून नाही, घोड्याचा स्वभाव तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतो.

गोल फिरवताना पुढच्या हातानं दिशा दाखवायची, दुसऱ्या हातातली काठी त्याच्या खांद्याच्या मागे थोडी उचलायची, तो निघाला की काठी खाली. तो चालतोय तोवर तुम्ही गप्प. सारखी काठी हलवत राहिलात तर काठीला अर्थ उरत नाही. दोनतीन फेऱ्या, मग कमरेकडे बघून मागचा भाग सारून तुमच्याकडे तोंड, आराम, दुसरी दिशा. रेवाल चालीचा (धक्के न देणाऱ्या सपाट चालीचा) घोडा असेल तर त्याला लहान वर्तुळात दुडकीसाठी झगडू नका, वर्तुळ मोठं करा आणि कदम चालीतच काम करा.

इथं राउंड पेनबद्दल स्पष्ट बोलते. घोडा आत सोडून त्याला दमेपर्यंत पळवायचा, मग तो मान खाली घालून जवळ येतो आणि लोक म्हणतात त्यानं मला कळपाचा प्रमुख मानलं. तसं काही होत नाही. तुम्ही मागे लागलात हे प्रेशर, तुम्ही पाठ फिरवली हे रिलीज, म्हणजे प्रेशर सोडणं, घोड्याला कळतं की जवळ आलं की पळापळ थांबते, आणि दमलेला असतो. घोडेप्रशिक्षणाचा अभ्यास करणारी इंटरनॅशनल सोसायटी फॉर इक्विटेशन सायन्स ही संस्था पण सांगते की कळपातली वर-खालीची कल्पना माणूस-घोड्याच्या कामाला लावताना जपून. हा नुसता वादाचा मुद्दा नाही, त्यानं तुमचं वागणं बदलतं, कारण घोडा आपल्याला आव्हान देतोय असं धरलं की माणूस चिडतो, आणि घोड्याला समजलं नाहीये असं धरलं की माणूस परत नीट सांगतो. दोराशिवाय सोडून काम करा जरूर, पण त्याला थांबायची, बघायची, लांब जायची मोकळीक देऊन.

पाय उचलणं याच काळात करून घ्या, नालबंद आल्यावर पहिल्यांदा नाही. खांद्यापासून हात खाली घसरवत न्या, पाय हलका झाला की उचला, आधी क्षणभर, आणि त्यानं पाय सैल सोडला असतानाच खाली ठेवा, झटकत असताना सोडलात तर झटकायला शिकवलंत. कायम पिछाडी (मागच्या पायांचा दोर) बांधून ठेवलेल्या घोड्याच्या मागच्या पायाला आधी काठीला गुंडाळलेल्या कापडानं चोळा, हात नंतर.

भीतीच्या वस्तूंचं काम, ताडपत्री, छत्री, प्लास्टिकची पिशवी, ट्रॅक्टर, डीजे, फटाके. एक युक्ती फार कामाची आहे, वस्तू घोड्याकडे नेऊ नका, घोड्यापासून लांब न्या. पिशवी जमिनीवरून ओढत तुम्ही पुढे चाला आणि दोरावर घोडा मागून येऊ द्या, पळून जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती वाटत नाही, थोड्या वेळानं तोच नाक लावायला बघतो. आवाजासाठी मोबाईलवर ढोल-ताशा, फटाके हळू आवाजात लावा, चारा खात असताना, आणि चारा खाणं न थांबता जेवढा चालेल तेवढाच वाढवा. एकदम वरातीत नेऊन सवय होते म्हणतात तसं करू नका, त्यात घोडा सवय करत नाही, थिजतो, आणि एक दिवस गर्दीत सुटतो. दिवाळीसाठी पावसाळ्यातच सुरुवात करा.

खच्ची न केलेला नर असेल आणि तुम्ही नवीन असाल तर हे सगळं एकट्यानं करू नका, जाणकार माणूस शेजारी हवाच. नर चावतात, खेळात सुद्धा चावतात, आणि घोडी जवळ असली की त्यांचं लक्ष तुमच्याकडे नसतं. पहिला घोडा शिकायला घेताय तर वयानं मोठी घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्या, रंग आणि कानांवर जाऊ नका.

शेवटी टेम्पोत चढवणं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दुखापती तिथंच होताना मी बघितल्यात. मागून चारजणांनी दोर लावून ढकलणं, डोळ्याला पट्टी, चाबूक, काही लागत नाही जर वरचं सगळं झालेलं असेल. आधी अरुंद जागेतून जायचं शिकवा, तुम्ही आणि भिंत यात दहा फूट अंतर, मग आठ, मग चार, घोडा मधून गेला की लगेच आराम. मग जमिनीवर ठेवलेल्या फळीवर पाय, पोकळ आवाज ऐकू द्या. मग टेम्पो बांधाला किंवा उंचवट्याला लावा म्हणजे उतार कमी राहतो, फाळका पक्का आहे का बघा, आत गोणपाट किंवा भुसा टाका म्हणजे पाय घसरत नाही. एक पाय वर ठेवला की लगेच मागे उतरवा, तुम्हीच उतरवा, तो उतरायच्या आधी. मग दोन पाय आणि परत खाली. मागे सरकायला त्याला येतंच, म्हणून आत अडकल्यासारखं वाटत नाही. तो स्वतःहून आत जाऊन उभा राहिला तरी पहिल्या दिवशी मागचं दार लावू नका, आत थोडा चारा खाऊ द्या आणि उतरवा. दार लावायच्या दिवशी आधी मागचं दार लावायचं आणि मग डोकं बांधायचं, उलटं केलंत तर घोडा मागे ओढतो. उतरवताना उलटं, आधी डोकं सोडा, मग दार. पहिला प्रवास दहा मिनिटांचा, गावातल्या गावात, ड्रायव्हरला सांगून ठेवा की वळणावर आणि ब्रेकला हळू, आणि परत आल्यावर आधी पाणी, मग सुका चारा, चंदी तासाभरानं.